पाच कडव्यांचा पाळणा

सातव्या महिन्यात माझी मुलगी पोटातच गेली, आणि सासूबाईंनी सोसायटीत सांगितलं, सुनेचं छोटंसं ऑपरेशन झालं. छोटंसं! सात महिन्यांचं पोट घेऊन मी रोज सकाळी त्याच जिन्यावरून उतरत होते. वॉचमनपासून इस्त्रीवाल्यापर्यंत सगळ्यांनी ते पाहिलं होतं. तरी ‘ऑपरेशन’ हा शब्द सगळ्यांनी लगेच उचलला, जणू त्याचीच वाट पाहत होते. शेजारच्या काकू मऊ भाताचा डबा घेऊन आल्या आणि दारातूनच विचारलं, टाके दुखतात का गं? मला टाके नव्हतेच. मी म्हटलं, दुखतात.

मी अकोल्याकडची. आमच्याकडे मेलेल्याला मेला म्हणतात, आणि रडायचं तर दार लावून घेत नाहीत. लग्न होऊन पुण्यात आले ती स्वारगेटजवळच्या एका फ्लॅटमध्ये, जिथे मोठ्याने शिंकलं तरी सासूबाई ‘हळू’ म्हणायच्या. हिंजवडीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत मी टेस्टर होते. मोबाइलवरचं इनकमिंग नुकतंच फुकट झालं होतं. हिंजवडीत रस्त्याच्या एका बाजूला काचेच्या इमारती होत्या आणि दुसऱ्या बाजूला ऊस. स्वारगेटहून कंपनीची बस निघायची आणि आम्ही सगळे गळ्यात ओळखपत्रं अडकवून त्यात झोपायचो. टेस्टर म्हणजे काय, असं सासूबाईंना त्यांच्या मैत्रिणींनी एकदा विचारलं. त्या म्हणाल्या, ‘‘दुसऱ्यांच्या चुका काढते. त्याचा पगार मिळतो.’’ हे त्यांनी कौतुकाने सांगितलं की कशाने, ते मला आजही सांगता यायचं नाही.

नवरा तेव्हा अमेरिकेत क्लायंटकडे होता. बातमी कळल्यावर दहा दिवसांसाठी आला, माझ्या पलंगाशी बसून रडला आणि परत गेला. त्याच्यावर माझा राग नाही. म्हणजे होता, आता नाही.

हॉस्पिटलात नर्सने विचारलं होतं, बघायचंय का. सासूबाई म्हणाल्या, नको, जन्मभर डोळ्यांसमोरून जाणार नाही. मी म्हटलं, जाऊच नये. आणि पाहिली. तिला नखं होती. दहाही बोटांना, कापता येतील एवढी. बाकीचं मी कोणाला सांगत नाही, पण नखांचं सांगते. ज्याला नखं असतात ते ऑपरेशन नसतं.

दुसऱ्या दिवशी घरी आले आणि तिसऱ्या दिवशी मला दूध आलं. दूध येतं हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या लिहून दिल्या होत्या, त्या कशाच्या हे मी विचारलं नव्हतं आणि त्यांनी सांगितलं नव्हतं. सकाळी उठले तर गाउन पुढून ओला, छाती दगडासारखी, आणि दूध प्यायला घरात कोणी नाही. मी ओरडले असणार, कारण सासूबाई धावत आल्या. पायात चपला सरकवल्या, मंडईत गेल्या आणि मोगऱ्याच्या कळ्यांचा हा एवढा पुडा घेऊन आल्या. जुनं मऊ लुगडं फाडून त्यांनी त्या कळ्या माझ्या छातीला बांधल्या, घट्ट. दिवसातून दोनदा बदलायच्या. चार दिवसांनी दूध ओसरलं. हे तुम्हाला कोणी शिकवलं, असं मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, ठाऊक असतं बायकांना. आणि वाळलेल्या कळ्या कागदात बांधून खाली टाकून आल्या. त्या दिवसापासून मोगरा मला सहन होत नाही.

एवढं केलं, पण तोंडाने ‘ऑपरेशन’ काही सोडलं नाही. महिन्याभराने वरच्या मजल्यावरच्या मुलीचं डोहाळजेवण होतं. सासूबाई हातात ओटीचं ताट घेऊन निघाल्या आणि मला म्हणाल्या, तू नको येऊस, दमशील. दमशील! मी रोज हिंजवडीला जाऊन येत होते, दोन जिने चढून दमणार होते? मला का नेत नव्हत्या ते मला ठाऊक होतं, त्यांना ठाऊक होतं, आणि वरच्या मजल्यावर तर सगळ्यांनाच ठाऊक होतं. माझा हात लागला तर त्या मुलीचं काही बिघडेल, अशी भीती. ताकाला जाऊन भांडं लपवायचं, याला इथे रीत म्हणतात. वरून गाण्यांचा आवाज येत होता. मी टीव्ही मोठा केला. सासूबाई परत आल्यावर ‘हळू’ म्हणाल्या, तेव्हा मी तो आणखी मोठा केला.

ऑफिसातही तेच. रजेच्या फॉर्मवर मी ‘आजारपण’ निवडलं, कारण तिथे दुसरं काही नव्हतं. माझ्या टीममधल्या मुलामुलींनी माझ्यासमोर मुलांचं बोलणंच बंद केलं. मी जेवायला बसले की विषय क्रिकेटवर जायचा. चांगली होती बिचारी. पण कोणी एकाने, एकदा, तुझी मुलगी गेली ना, असं म्हटलं असतं तर मी त्याला काय दिलं नसतं!

असे सहा-सात महिने गेले आणि घरात पाळण्याचं प्रकरण सुरू झालं.

सासूबाईंचं भजनी मंडळ दर शनिवारी दुपारी आमच्या हॉलमध्ये बसायचं. दहा-बारा बायका, सगळ्या साठीच्या अलीकडच्या पलीकडच्या. निम्म्यांची नातवंडं अमेरिकेत, त्यामुळे त्यांनी ठरवलं की आपल्या आया-आज्यांची गाणी गोळा करून सीडी काढायची आणि सोबत शब्दांची पुस्तिका द्यायची. घराघरांतून जुन्या वह्या निघाल्या. त्या टाइप कोण करणार? घरात कॉम्प्युटरवाली सून आहे की! कीबोर्डवर मराठी अक्षरांच्या चिकटपट्ट्या लावून मी रविवारी टाइप करू लागले.

सासूबाईंनी त्यांच्या आत्याची वही काढली. या आत्या मी पाहिल्या नव्हत्या. पण त्यांच्याबद्दल इतकं ऐकलं होतं की त्या रस्त्यात भेटल्या असत्या तर मी ओळखलं असतं. सासूबाईंच्या वडिलांची थोरली बहीण. लग्न करून वऱ्हाडात दिलेली, दोन वर्षांत सासरच्यांनी माहेरी आणून सोडली. मूल होत नाही म्हणून. हे सासूबाईंच्या जन्माच्या आधीचं. त्यानंतरची चाळीस वर्षं आत्या भावाच्या घरी राहिल्या, चूल सांभाळली, भावाची पाच मुलं वाढवली. त्यांचा गळा सगळ्यांत गोड होता म्हणे. पण घरात बारसं असलं की आत्यांनी पाळण्याजवळ यायचं नाही, हा नियम. वांझेचा हात पाळण्याच्या दोरीला लागू नये. आत्यांनी स्वयंपाकघरात बसून घुगऱ्या शिजवायच्या. बाहेर बायका पाळणा म्हणायच्या, बाळाच्या कानात नाव सांगायच्या, आणि मग आत आत्यांनी मीठ घालून शिजवलेले ते हरभरे मूठमूठ घेऊन घरी जायच्या. सासूबाई हे सगळं मायेनेच सांगायच्या. त्यांना त्यात काही खटकत नव्हतं, हे मला खटकायचं.

वही शाळेची होती, मागच्या पुठ्ठ्यावर पाढे. आत्यांनी ती इतकी चिकटून लिहिली होती की समासही सोडला नव्हता. आरती संपली त्याच ओळीवर भूपाळी सुरू. त्या वहीत एक पाळणा होता, आत्यांनीच रचलेला. वर तसं लिहिलं होतं: ‘माझा पाळणा’.

पाळणा कसा असतो ते आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. पहिल्या दिवशी काय झालं, दुसऱ्या दिवशी काय, असं करत करत बाराव्या दिवशी बारसं आणि नाव. आत्यांचा पाळणा पाचव्या दिवशी थांबत होता.

मंडळात एक बाई होत्या, निवृत्त मराठी शिक्षिका. सगळ्या त्यांना ‘बाई’च म्हणत, मीही. वयाने सर्वांत मोठ्या, सासूबाईंच्या माहेरच्या गल्लीतल्या. त्यांच्या शब्दाबाहेर मंडळात टाळही वाजत नसे. बाईंनी चष्मा लावून वही पाहिली आणि निकाल दिला की पाळणा अपूर्ण आहे. बारा दिवसांचा असायला हवा, पुढचं पान गहाळ झालेलं दिसतं. चाल मात्र गोड आहे, सोडवत नाही. तेव्हा उरलेली सात कडवी त्या स्वतः रचून देतील. आणि शेवटच्या कडव्यात ‘नीज’च्या जागी ‘जाग’ पडलं आहे, उतरवताना चुकलं असणार, तेही दुरुस्त करतील. पाळण्यात कोणी बाळाला ‘जाग’ म्हणतं का?

पुढच्या शनिवारी सात कडवी तयार. वृत्तात चोख, एक मात्रा इकडची तिकडे नाही. ‘सहाव्या दिवशी चांदीचे वाळे, हसला राजा नि फुलले मळे.’ बायकांनी माना डोलावल्या. सासूबाईंचे तर डोळे भरून आले, आत्याचा पाळणा पुरा झाला म्हणून. मला टाइप करायला दिला.

रविवारी मी बसले. टाइप करताना आपण वाचत नाही, बोटं वाचतात. पहिली दोन कडवी बोटांनीच केली. तिसऱ्याला बोटं थांबली. आत्यांनी लिहिलं होतं ते असं:

पहिल्या दिवशी दिवा लाविला,
इवल्या मुठीत पदर गुंतला,
माझ्या घरी गं पाहुणा आला,
नीज रे राजा, नीज.

दुसऱ्या दिवशी शेगडी पेटली,
ओव्याची धुरी खोलीत दाटली,
कुशीत माझ्या ऊब साठली,
नीज रे राजा, नीज.

तिसऱ्या दिवशी पान्हा फुटला,
चोळीचा काठ चिंब भिजला,
ओठ राजाचा नाही हलला,
नीज रे राजा, नीज.

चौथ्या दिवशी कापसाचा बोळा,
थेंबाथेंबाने भिजविते गळा,
मिटून घेतो इवला डोळा,
नीज रे राजा, नीज.

पाचव्या दिवशी पाट मांडिला,
कोरा कागद, टाक ठेविला,
हात आखडू नको गं बाई,
दौतीत भरून आहे शाई,
जाग रे राजा, जाग.

तिसऱ्या दिवशी पान्हा फुटला. दूध तिसऱ्या दिवशी येतं, दुसऱ्या नाही, पहिल्या नाही. हे ऐकून ठाऊक होणारं नाही, हे गाउन भिजून ठाऊक होतं. आणि चोळी का भिजते? बाळ ओढत असलं तर चोळी कशाला भिजेल? बाईंनी ‘ओठ नाही हलला’चा अर्थ मंडळाला सांगितला होता की बाळ तृप्त आहे. कपाळ! बाळ तृप्त असलं तर चौथ्या दिवशी कापसाचा बोळा दुधात बुडवून त्याच्या तोंडात पिळावा लागत नाही. बोळ्याने दूध त्यालाच पाजतात ज्याच्यात ओढायचं बळ नाही.

मग पाचवी. पाचवीच्या रात्री सटवाई येते आणि बाळाच्या कपाळावर त्याचं नशीब लिहून जाते, म्हणून पाटावर कोरा कागद आणि लेखणी ठेवायची. सगळ्या आया ठेवतात. पण सटवाईला ‘हात आखडू नको’ कोण म्हणेल? शाई भरपूर आहे गं, थोडं जास्त लिही, कंजूषपणा करू नको, अशी गयावया कोण करेल? जिला दिसतंय की आयुष्य कमी पडतंय, तीच. आणि त्यानंतर ती बाळाला नीज म्हणत नाही. जाग म्हणते. मी ते स्क्रीनवर पाहिलं आणि कीबोर्डवर डोकं ठेवून रडले. मोठ्याने. हॉलमधून ‘काय झालं’ असा आवाज आला. मी म्हटलं, काही नाही, मराठी टाइप होत नाहीये.

मग डोळे पुसले आणि माझं काम केलं. आमच्या कामात एक शिस्त असते. एखादी गोष्ट चूक आहे असं म्हणण्याआधी ती मुळात तशीच हवी होती का, ते तपासायचं. मी वही उलटून पाहिली. दोरा शाबूत, एकही पान फाटलेलं नाही. पाचव्या कडव्याखाली अर्धं पान कोरं होतं. समासही न सोडणाऱ्या बाईने अर्धं पान कोरं सोडलं होतं, आणि पलीकडच्या पानावर वरच्या ओळीपासून हनुमंताची आरती. काही गहाळ नव्हतं. पाळणा पाच दिवसांचा होता कारण बाळ पाच दिवसांचं होतं.

मी वही घेऊन स्वयंपाकघरात गेले आणि सासूबाईंना सगळं सांगितलं. त्या भाजी निवडत होत्या. म्हणाल्या, काहीतरी काढू नकोस, आत्याला मूल झालंच नव्हतं, म्हणून तर परत पाठवली. मी म्हटलं, आई, झालं होतं, जगलं नाही, आणि सासरच्यांनी न झाल्यात जमा केलं. तसं आपणही करतो. त्यावर त्यांनी भाजीची परात उचलली आणि गॅलरीत जाऊन बसल्या. आठवडाभर आमच्या घरात फक्त कुकर बोलला.

त्या आठवड्यात मी सात कडवी टाइप केली नाहीत. मला तेव्हा एकच दिसत होतं. ते चांदीचे वाळे आणि फुललेले मळे एकदा सीडीवर गेले की आत्यांचं बाळ दुसऱ्यांदा मरणार होतं, आणि या वेळी टाळ-पेटीच्या साथीने. चाळीस वर्षं वांझ म्हणून जगलेल्या बाईने मागे पाच कडव्यांचा एकच पुरावा ठेवला होता, आणि त्यावर आम्ही रांगोळी काढणार होतो. माझ्यासाठी पाच कडवीही नव्हती. म्हणून मला ती सोडायची नव्हती.

शनिवारी बायका जमल्या. मी आत चहा टाकायच्या ऐवजी वही घेऊन हॉलमध्ये सतरंजीवर बसले आणि म्हटलं, मला पाळण्याबद्दल बोलायचंय. बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. मी एकेक कडवं वाचलं आणि मला काय वाटतं ते सांगितलं. कोऱ्या अर्ध्या पानापर्यंत आले तेव्हा बाई म्हणाल्या, हल्ली इंजिनिअरिंगला मराठी लावतात वाटतं. दोघी-तिघी हसल्या. मग बाईंनी समजुतीच्या सुरात सांगितलं की तू लहान आहेस, बाहेरची आहेस, आम्ही त्या घरात उठलो-बसलो आहोत, मी तर तुझ्या सासूच्या बारशाच्या घुगऱ्या खाल्ल्यात.

आता ही म्हण मी हजारदा ऐकलेली. मोठ्या माणसांनी लहानांना गप्प करायची म्हण. पण त्या दिवशी माझं डोकंच फिरलं.

‘‘त्या शिजवल्या कोणी होत्या, बाई?’’ मी विचारलं.

बाईंनी चष्मा काढला आणि पुन्हा लावला. त्यांना आठवलं असणार. आठ-नऊ वर्षांची मुलगी घुगऱ्यांची मूठ घ्यायला स्वयंपाकघराच्या दारात उभी, आणि आत ती बाई, चुलीपाशी. पण बाई म्हणजे बाई, इतक्यात हार मानणाऱ्या नव्हेत. त्यांनी वही हातात घेतली आणि म्हणाल्या, ते राहू दे, पण पान्ह्याचं आणि बोळ्याचं हे सगळं तू इतकं ठासून सांगतेस, तुला गं काय ठाऊक, तुला अजून तर… आणि थांबल्या. त्या वाईट नव्हत्या. खरंच ओघात निघून गेलं. पण सगळ्या जणी सतरंजीकडे पाहू लागल्या. मी बोलणार होते. काय बोलणार होते देव जाणे, वऱ्हाडी भाषेत काहीतरी जबरदस्त आलं होतं ओठांवर. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून सासूबाईंचा आवाज आला.

‘‘तिला ठाऊक आहे.’’

त्यांच्या हातात चहाचा ट्रे होता. त्यांनी तो टीव्हीवर ठेवला, जिथे त्या कोणाला रुमालही ठेवू द्यायच्या नाहीत.

‘‘तिला मुलगी झाली होती,’’ त्या म्हणाल्या. ‘‘गेलेलीच झाली. ऑपरेशन वगैरे काही नव्हतं, ते मी सांगत होते. तिसऱ्या दिवशी तिला दूध आलं. मी मोगऱ्याच्या कळ्या बांधून ते बंद केलं.’’ मग बाईंकडे नाही, माझ्याकडे पाहत म्हणाल्या, ‘‘मोगऱ्याचं मला आत्यानं सांगितलं होतं. मी बारा वर्षांची होते. तिनं गजरा कधी माळला नाही, वासही चालायचा नाही तिला. का, म्हणून विचारलं तर म्हणाली, दूध आटवायला बांधतात ना, म्हणून. एवढंच. मी खेळायला पळाले. इतकी वर्षं माझ्या डोक्यात कधी आलं नाही की तिला हे कसं ठाऊक.’’

त्या खाली बसल्या आणि पदर तोंडाला लावून रडल्या. ‘हळू’ नाही. चांगल्या जोरात रडल्या, शेजारी ऐकू जाईल एवढ्या. मी त्यांच्याजवळ सरकले. मीही रडत होते, पण खरं सांगू? आतून मला इतकं मोकळं वाटत होतं की कोणी बघितलं असतं तर म्हणालं असतं, ही बया आनंदाने रडतेय. माझी मुलगी झाली होती. दहा-बारा बायकांसमोर, भर दुपारी, तिच्या आजीने तसं सांगितलं होतं.

बाईंनी पर्समधून आपल्या सात कडव्यांचा कागद काढला, चार घड्या घातल्या आणि परत पर्समध्ये ठेवला. माफी त्यांनी मागितली नाही, मी वाट पाहिलीही नाही. मात्र मंडळातल्या एकीने शंका काढली की पाचच कडवी ठेवली तर हा पाळणा कोणाला बारशाला लावता येणार नाही, अशुभ. मी म्हटलं, नका लावू बारशाला. ज्यांचं बारसं झालंच नाही त्यांच्या आयांना लावू द्या. यावर बाई म्हणाल्या, ‘‘जाग आहे तसंच राहू दे. चूक माझी होती.’’ आणि गार झालेला चहा सगळ्यांनी निमूट प्यायला.

रेकॉर्डिंग पेठेतल्या एका तळमजल्यावरच्या खोलीत होतं. भिंतींना जाड पडदे, आणि आवाज येतो म्हणून पंखा बंद. बाकीची गाणी सगळ्यांनी मिळून म्हटली. हा पाळणा सासूबाईंनी एकटीने म्हणायचा ठरला, पेटी नाही, टाळ नाहीत. मी काचेच्या अलीकडे रेकॉर्डिंगवाल्या गृहस्थांजवळ बसले होते. सासूबाईंचा गळा काही आत्यांसारखा नसेल. चौथ्या कडव्याला आवाज फाटला. गृहस्थ पुन्हा घ्यायचं का म्हणून माझ्याकडे पाहू लागले, मी नाही म्हणून मान हलवली. पाचवं कडवं झालं. ‘जाग रे राजा, जाग’ म्हणून त्या थांबल्या आणि माइकसमोर तशाच उभ्या राहिल्या. गृहस्थांनी थोडी वाट पाहिली, मग बटण दाबून म्हणाले, काकू, पुढचं कडवं घ्या. त्यांनाही ठाऊक होतं, पाळणा बारा दिवसांचा असतो.

‘‘पुढचं नाही,’’ सासूबाई म्हणाल्या. ‘‘पाचच दिवसांचा होता.’’

हे वाक्यही रेकॉर्ड झालं. गृहस्थांनी नंतर काढू का विचारलं. मी म्हटलं, खबरदार. ते अजून तिथेच आहे.

दुसऱ्या दिवशी रविवार. संध्याकाळी मी पाहिलं, सासूबाईंनी मोठ्या पातेल्यात हरभरे भिजत घातले होते. उसळ असेल, म्हणून मी विचारलं नाही. सोमवारी सकाळी बसची वेळ झाली तेव्हा त्यांनी माझ्या हातात जेवणाच्या डब्याबरोबर आणखी एक डबा दिला, मोठा, चांगला जड आणि गरम. ऑफिसात सगळ्यांना वाट, म्हणाल्या. मी झाकण उघडलं. मीठ घालून शिजवलेले हरभरे, वर खोबरं. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्या ओट्याकडे वळून आधीच स्वच्छ असलेली कढई घासत होत्या. शेजारच्या काकूंकडे देऊन आले मघाशी, पाठमोऱ्याच म्हणाल्या, वरच्या मजल्यावरही देणार आहे. लोकांनी विचारलं तर काय सांगू, मी विचारलं. म्हणाल्या, आहे ते सांग.

बसमध्ये मी डबा मांडीवर धरून बसले. मोठ्या हट्टाने जागी राहिले त्या दिवशी. जेवणाच्या सुट्टीत टीम टेबलाभोवती जमली, मी बसले, आणि नेहमीप्रमाणे विषय क्रिकेटवर गेला. मी डबा उघडून मधोमध ठेवला. एकाने वाकून पाहिलं. तो सोलापूरकडचा होता, त्याने लगेच ओळखलं. अरे, घुगऱ्या! बारसं कुणाचं?

‘‘माझ्या मुलीचं,’’ मी म्हटलं. ‘‘एप्रिलमध्ये गेली. घ्या सगळ्यांनी.’’